तरप्पांची भीती

ऑपरेशन थिएटरात इतका घाबरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हा माणूस पेशंट नव्हता, भूल देणारा डॉक्टर होता. तीस वर्षं रोज हेच काम करून झालं होतं, तरी पेशंटला टेबलावर घेतलं की त्यांच्या वरच्या ओठावर घाम जमायचा. एसी चालू असला तरी जमायचा. भुलीचं इंजेक्शन हातात घेण्याआधी ते सगळं थांबवायचे आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला विचारायचे, "आता घशात नळी घालायची हाय. न्हाई जमलं तर?" समोरच्यानं काहीतरी उत्तर द्यायचं. मग दुसरा प्रश्न, "ते बी न्हाई जमलं तर?" मग तिसरा. तिसऱ्या 'तर'चं उत्तर मिळेपर्यंत सिरिंज ट्रेमध्येच पडून राहायची. या 'तर'वरून थिएटरच्या स्टाफनं त्यांचं नाव तरप्पा ठेवलं होतं. आमच्या भागात वीरप्पा, शरणप्पा गल्लोगल्ली, त्यामुळे नवीन माणसाला ते खरंच नाव वाटायचं. मलाही पहिले आठ दिवस वाटलं होतं.

मी मूळचा उदगीरचा. भूलशास्त्राची पदवी घेऊन नुकताच या हॉस्पिटलात लागलो होतो. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवरचं मध्यम आकाराचं हॉस्पिटल होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण या हकिकतीत जी चूक आहे ती गावाची नाही, माझी आहे. पेशंट तीन भाषांत रडायचे आणि सर्जनसाहेब चौथ्या भाषेत चिडायचे. मी मोठ्या शहरात शिकून आलेलो, हात चलाख, परीक्षेत वरचा नंबर. मला वाटायचं, तीस वर्षं काम करून ज्याची भीती जात नाही तो माणूस नक्की शिकला काय? हे मी बोलून दाखवत नव्हतो, पण माझ्या तोंडावर ते दिसत असणार. तरप्पांना माणसांची तोंडं वाचायची सवयच होती.

ही सवय थिएटरपुरती नव्हती. एकदा हुमनाबादजवळ एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि तरप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नवरदेवाची हनुवटी बघितलास का? किती आत हाय. मान बी आखूड. ह्याचं अपेंडिक्स दुखू नये, एवढंच मी देवाला मागायलोय." हनुवटी आत आणि मान आखूड असली की घशात नळी घालणं अवघड जातं. जेवणाच्या पंगतीत त्यांचं लक्ष ताटात नसायचं, कोण किती मोठा घास घेतो याकडे असायचं. बसमध्ये कुणी घोरत असला की घोरण्याचा आवाज मध्येच बंद पडतो का, याची ते वाट बघत बसायचे आणि तो परत सुरू झाला की सुटकेचा श्वास टाकायचे. त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे जिवाला घोर होता. दोन टॉर्च, त्या दोन्हींचे वेगळे सेल आणि त्या सेलना पर्याय म्हणून तिसरी टॉर्च असं सगळं त्यांच्या पिशवीत असायचं.

पण त्यांची सगळ्यात न चुकणारी गोष्ट म्हणजे चारचा चहा. उद्या ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांच्या खाटेशी ते आदल्या दिवशी दुपारी चार वाजता स्टूल घेऊन बसायचे. थर्मासमधून दोन कप चहा ओतायचे, एक पेशंटला, एक स्वतःला. घरून आणलेली ज्वारीची भाकरी अर्धी अर्धी करायचे. मग शेतीच्या, पोराबाळांच्या, देवाधर्माच्या गप्पा. मला हे सुरुवातीला निव्वळ वेळकाढूपणाचं वाटायचं. तपासणीच्या कागदावर चार रकाने असतात, पाच मिनिटांत भरून होतात. एकदा मी तसं म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "तोंड उघड म्हणलं की माणूस डॉक्टरला दाखवायचं तेवढंच उघडतो. भाकरी खाताना सगळं उघडतो." भाकरीचा कोरडा तुकडा खाली उतरायला किती वेळ लागतो, चहाचा घोट घेताना मान कुठे वळते, बोलताना आवाज नाकात जातो की घशात अडतो, हे सगळं ते चहाच्या कपावरून बघत असायचे. पेशंटला वाटायचं, डॉक्टर किती साधे आहेत.

इतका भिणारा माणूस म्हटल्यावर मागे काहीतरी घडलेलं असणार, असा सगळ्यांचाच कयास होता. कुणी म्हणे त्यांच्या हातून एक बाळंतीण गेली, कुणी म्हणे सख्खा भाऊच टेबलावर गेला. मी एकदा धीर करून सरळ विचारलं. त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. "आजवर एक बी गेला न्हाई," ते म्हणाले. "म्हणून तर भ्या वाटायलंय. ज्याचा गेलाय त्याचं होऊन गेलं. माझं व्हायचंय." या उत्तरावर मी हसलो होतो. घरी जाऊन बायकोलाही ते हसत हसतच सांगितलं.

सर्जनसाहेबांचं आणि त्यांचं मात्र पटायचं नाही. साहेब हात धुऊन, हातमोजे चढवून तयार उभे, आणि तरप्पा प्राणवायूच्या सिलिंडरला कान लावून बसलेले. "डॉक्टर, आता सुरू करू या का पुढच्या वर्षी?" असं साहेब विचारायचे. तरप्पा शांतपणे म्हणायचे, "पेशंट तुम्हाला पोट देतो साहेब, मला श्वास देतो. माझ्याकडची वस्तू लवकर खराब होती." साहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. पण स्वतःच्या आईचा मोतीबिंदू काढायची वेळ आली तेव्हा, ज्याला पूर्ण भूल लागतच नाही त्या ऑपरेशनला, साहेबांनी तरप्पांनाच शेजारी उभं केलं होतं.

महानंदा आमच्याकडे आली ती पित्ताशयातल्या खड्यांसाठी. आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याची, वय तीसच्या आतबाहेर, दोन मुलांची आई. नवरा पुण्याकडे बांधकामावर होता, म्हणून सासरे घेऊन आले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तरप्पा सुट्टीवर होते. त्यांच्या गावी, निर्ण्याला, भाचीच्या बाळाचं बारसं होतं. जाताना ते मला तीनदा सांगून गेले, "चारला बस पेशंटपाशी. थर्मास ठेवून जायलोय."

त्या दिवशी माझे पाच पेशंट होते. महानंदाच्या खाटेशी मी गेलो तेव्हा सासरे उशाशी उभे होते, पटका बांधलेले, काठी टेकलेले. तिच्या डोक्यावरचा पदर ओठांपर्यंत आलेला होता. मी म्हटलं, "तोंड उघडा ताई, जीभ बाहेर काढा." तिनं सासऱ्यांकडे बघितलं, पदराआड बोटभर तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. वडीलधाऱ्या माणसापुढे, परक्या पुरुषाला, जीभ बाहेर काढून दाखवायची! माझीही आई खेड्यातली, मला तिचा संकोच कळत होता. सासऱ्यांना बाहेर जा म्हणायला हवं होतं, एवढंच. पण म्हाताऱ्याला बाहेर काढायचं मला जड वाटलं आणि पुढच्या वॉर्डातून हाक येत होती. मी कागदावर लिहिलं, 'तोंड पूर्ण उघडते. घसा ठीक.' तिचा आवाज किंचित भरल्यासारखा होता, तो मला पदरामुळे वाटला. थर्मास उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरप्पा थेट बसस्टँडवरून थिएटरात आले. कागद हातात घेऊन विचारलं, "तोंड बघितलास?"

"व्हय सर."

"चहा पिताना बघितलास?"

मी म्हटलं, "व्हय." का म्हटलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. शाळेत गृहपाठ झाला का विचारल्यावर जसं तोंडातून निघून जातं, तसं निघून गेलं. तरप्पांनी मान हलवली, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि भिंतीकडचं स्टूल ओढून बसले. त्यांनी मला पुढचा प्रश्न विचारला नाही. एकदाही 'तर' म्हणाले नाहीत. मला वाटलं, आज आपण पास झालो. छाती फुगवून मी सिरिंज उचलली.

दुधासारखं पांढरं औषध शिरेत गेलं आणि महानंदा झोपली. मास्क तोंडावर दाबून मी श्वास द्यायची रबरी पिशवी दाबली, तर पिशवी दबेना. भिंतीला टेकवून दाबावी तसं लागत होतं. डोकं मागे केलं, जबडा वर उचलला, थोडी हवा गेली, पुन्हा अडली. स्नायू सैल करणारं औषध, ज्यानं पेशंटचा स्वतःचा श्वासही थांबतो, ते मी अजून दिलं नव्हतं. छाती हलताना दिसल्याशिवाय ते द्यायचं नाही, ही तरप्पांनी घोकून घेतलेली गोष्ट तेवढी हाताला लागलेली होती. मी जीभ उचलायचं दिव्याचं पातं आत घातलं. जिभेच्या मुळाशी, जिथून पुढे श्वासनळीचं तोंड दिसायला हवं, तिथे लिंबाएवढा लालभडक गोळा बसला होता. त्याच्यावर शिरा होत्या. त्याच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. पात्याचं टोक त्याला लागलं आणि रक्त येऊ लागलं.

थिएटरातलं ते यंत्र रक्तातला प्राणवायू मोजतं आणि प्रत्येक ठोक्याला टुक टुक वाजतं. प्राणवायू उतरला की त्याचा सूरही उतरतो. हे आकडा न बघताही ऐकू येतं. नव्वद, पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. सूर खाली खाली चालला होता आणि माझे हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे झाले होते. मी पुन्हा पातं घालायला गेलो. मागून तरप्पांनी माझं मनगट धरलं.

"काढ ते. परत हात लावू नको."

त्यांनी तिला कुशीवर वळवलं, रक्त घशात उतरू नये म्हणून. दोन्ही हातांनी जबडा पुढे ओढून धरला, नाकातून एक मऊ नळी अलगद सरकवली, वर प्राणवायूचा मास्क लावला. मी विचारलं, "आता काय करायचं सर?" ते म्हणाले, "काहीच करायचं न्हाई. तिला उठू दे. तिचा श्वास तिलाच घेऊ दे." सर्जनसाहेब हात वर धरून उभे होते. झोपेचं औषध उतरायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं मी आयुष्यात पुन्हा मोजणार नाही. मग एक ठोका जरा वरच्या सुरात वाजला, मग दुसरा. महानंदा खोकली, रक्ताची गुळणी टाकली आणि उठून बसायची धडपड करू लागली. तरप्पांनी तिला धरून बसतं केलं. ते तिला म्हणत होते, "बस माय, बस. तुला बसूनच बरं वाटतंय ना? मला आता कळलं."

सासऱ्यांना सांगायला ते मला बरोबर घेऊन गेले. "अण्णा, तुमच्या सुनेच्या जिभेमागं गाठ हाय," ते म्हणाले. "आम्ही ती आधी बघायला पाहिजे होती, बघितली न्हाई. चूक आमच्याकडून झालीय. जीव थोडक्यात वाचला." 'आमच्याकडून' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कागदावर दोन सह्या होत्या. म्हातारा काठी टेकून उठला. मग म्हणाला, "आता चीरफाड नगं. गाणगापूरला न्यायलाव तिला, दत्ताच्या दारात." मला वाटलं, तरप्पा वाद घालतील. ते म्हणाले, "न्या की. पण तिला उताणी निजवू नका. बसूनच झोपू द्या. अन् तिथनं परत आलाव की माझ्याकडं या."

ते गेले, आणि तरप्पांचं सुरू झालं. रोज सकाळी दहा वाजता म्हाताऱ्याला फोन. "झोपली का? कशी झोपली? जेवली का? घास अडकला का?" म्हातारा सुरुवातीला तुटकपणे बोलायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "ती काय खाती ते मला काय म्हाईत डॉक्टर? बायामानसं मागनं जेवतात." तरप्पांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "चल."

मादन हिप्परग्याला आम्ही भर दुपारी पोचलो. गाणगापूरहून ते आदल्याच दिवशी परतले होते. तरप्पांनी म्हाताऱ्याला काही विचारलं नाही. दारातल्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "अण्णा, आज आमच्यासंगं सुनंला जेवू द्या. तुमच्या डोळ्यापुढं." म्हातारा अवघडला. त्या घरात सून सगळ्यांच्या नंतर, चुलीपाशी, एकटी जेवायची. दहा वर्षांत तिला जेवताना कुणी पाहिलंच नव्हतं. ती आली, भिंतीकडे तोंड करून बसली. भाकरी वरणात कुस्करून, भिजवून, लगदा करून एक एक घास. प्रत्येक घासाला मान डावीकडे वळवायची, डोळे मिटायचे, मग तो घास उतरायचा. आमची जेवणं झाली, हात वाळले, तरी तिची अर्धी भाकरी शिल्लक होती. म्हातारा बघत होता. "हे कवापासनं?" त्यानं विचारलं. महानंदा पदराआडून, त्या भरल्या आवाजात म्हणाली, "लग्नाच्या आधीपासनं, मामा. आई म्हणली, कुणाला सांगू नको, कोण करून घेणार न्हाई." मग खाली बघून म्हणाली, "धाकटा झाल्यापासनं लईच वाढलंय. निजलं की कोन गळा धरल्यागत व्हतंय." म्हाताऱ्यानं पटका काढून मांडीवर ठेवला आणि तरप्पांना विचारलं, "कवा आणू?"

पित्ताचे खडे तूर्त बाजूला ठेवून आधी घशाच्या तपासण्या झाल्या. गळ्यात पुढच्या बाजूला जिथे थायरॉइडची ग्रंथी असते तिथे तिच्या काहीच नव्हतं. बाळ पोटात असताना ती ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली गळ्यात उतरते. हिची उतरलीच नव्हती, जन्मापासून तिथेच बसली होती. म्हणजे तो लाल गोळा ही नुसती गाठ नव्हती, तिच्याकडे असलेली एकुलती एक ग्रंथी होती. ती काढली तर जन्मभर रोज एक गोळी घ्यावी लागणार. पण ठेवली तर श्वास कोंडणार आणि आता रक्तही येऊ लागलं होतं. कान-नाक-घशाच्या मॅडमनी तोंडातून ती काढायचं ठरवलं. त्या सगळ्यात अवघड भाग कुणाचा, हे थिएटरात प्रत्येकाला ठाऊक होतं. ती झोपली की वाट बंद. म्हणून ती जागी असतानाच, बसल्या बसल्या, नाकातून नळी घालायची. त्यासाठी लवचीक दुर्बीण लागते, ती तरप्पांनी जिल्ह्याच्या गावाहून एका मित्राकडून मागून आणली. येताना बसमध्ये मांडीवर धरून आणली, वरच्या फळीवर ठेवली नाही.

ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस त्यांनी मला छळलं. चालता चालता, जेवता जेवता प्रश्न. दुर्बीण धुकट झाली तर? ती घाबरून डोकं हलवली तर? गाठीतनं रक्त आलं तर? मला सगळं पाठ झालं तरी त्यांचं समाधान होईना. आता मला त्या प्रश्नांवर हसू येत नव्हतं. स्वप्नात तो उतरणारा सूर ऐकू येत होता. घास तोंडात फिरायचा, आणि बायको विचारायची, "तुमचं चित्त कुठंय?"

त्या सकाळी महानंदाला टेबलावर बसवलं. मॅडमनी तिच्या गळ्यावर निळ्या पेनानं एक रेघ ओढली. नळी गेली नाही तर तिथे छेद देऊन श्वासाची वाट करायची होती. मॅडम हातमोजे घालून तिच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. घसा बधिर करायची वाफ देऊन झाली, नाकात थेंब घालून झाले. मी दुर्बीण तरप्पांपुढे केली. ते म्हणाले, "तू कर. मी हिच्याशी बोलतो." मी दुर्बीण परत माझ्याकडे घेतली. त्यांनी आपले हात महानंदाच्या हातांवर ठेवले.

नाकातून दुर्बीण आत गेली. पडद्यावर आधी सगळं गुलाबी, मग तो गोळा मागच्या बाजूनं दिसला. तो घशाच्या मागच्या भिंतीला जवळजवळ टेकला होता. मधली फट थुंकीच्या बुडबुड्यांनी भरलेली. वाट कुठे आहे हेच कळेना. मी थांबलो. मशीनचा सूर कणभर खाली आला.

"सर, दिसत नाही."

"दिसंल. घाई कामून करायलास?" मग तिला म्हणाले, "माय, शेताला जायलीस असं समज. बांधावर उभी हायस. मोठा श्वास घे बघू."

तिनं श्वास आत ओढला, आणि तेवढ्यापुरती ती फट उघडली. आत काळोखी पोकळी आणि तिच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. श्वास सोडला, सगळं मिटलं. "परत घे," तरप्पा म्हणाले. पुन्हा उघडलं. मी तिच्या श्वासाबरोबर पुढे सरकत होतो, ती थांबली की थांबत होतो. चौथ्या श्वासाला दुर्बीण त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधून आत गेली. तिच्यावरून नळी सरकवली. महानंदाला जोराचा ठसका लागला, तिनं तरप्पांचे हात घट्ट आवळले, आणि तिचा आवाज बंद झाला. नळी बरोबर जागी असली की आवाज जातो. पडद्यावर तिच्या उच्छ्वासाची रेघ उमटली, एक, दोन, तीन. तेव्हा मी झोपेचं औषध दिलं. मॅडमनी हातातलं पातं खाली ठेवलं. तरप्पा कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

गाठ निघाली. सूज उतरेपर्यंत नळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवली आणि ती काढतानाही मॅडम पुन्हा हातमोजे घालून उभ्या होत्या. पाच दिवसांनी महानंदाला मऊ दूधभात दिला. सासरे खाटेशेजारीच बसले होते. ती सवयीनं भिंतीकडे वळू लागली, तेव्हा म्हातारा म्हणाला, "हिकडंच बस. मला बघू दे." तिनं घास घेतला, मान डावीकडे वळवली, आणि मध्येच थांबली. वळवायची गरज नव्हती. घास केव्हाच उतरला होता. ती नुसतीच आमच्याकडे बघत राहिली. मला रडू आवरलं नाही. मी सरळ वॉर्डाबाहेर गेलो.

त्याच आठवड्यात तरप्पांनी काम सोडत असल्याचं सांगितलं. सगळ्यांना वाटलं, वय झालं. मी त्यांच्या घरी गेलो. एवढे दिवस जे घशाशी अडकलं होतं ते दारातच बोलून टाकलं. "सर, मी तिचं तोंड बघितलं नव्हतं. चहासुद्धा दिला नव्हता. तुम्हाला खोटं सांगितलं."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "चहा दिला असतास तर ती कशी पितीय ते तुला दिसलं असतं."

"मग बोलला कामून न्हाईत?"

"तुझं तू भोगायलास की. त्यात मी काय बोलू?" त्यांनी मला बसायला सांगितलं. "मी माझ्यासाठी जायलोय. त्या दिवशी तू बघितलंय म्हणलास, अन् मला भ्या वाटलंच न्हाई. स्टूल घेऊन बसलो. तीस वर्षांत पहिल्यांदा." मग म्हणाले, "लई बरं वाटलं रे. असलं बरं एकदा वाटलं की माणूस परत तेच हुडकतो. असल्या माणसानं कुणाच्या श्वासाला हात लावू न्हाई."

मी त्यांना थांबवायचा खूप प्रयत्न केला. पुन्हा असं होणार नाही, म्हणून शपथा घेतल्या. ते थांबले नाहीत.

आता ते निर्ण्याला असतात, तूर आणि सोयाबीन बघतात. तब्येत ठणठणीत आहे. वर्षातून एकदोनदा मी जातो, तर ओसरीवर पाय लांब करून बसलेले असतात, गप्पा मारतात, मोकळं हसतात. शेजारी कुणी घोरत पडलं तरी वळून बघत नाहीत. घरचे मला कौतुकानं सांगतात, आयुष्यभर जिवाला घोर लावून घेतला होता, आता कुठं जरा सुखाला लागले. मी हो म्हणतो आणि चहा पिऊन उठतो. त्यांना असं निवांत बसलेलं मला बघवत नाही. तो निवांतपणा त्यांना मी लावला.